पुस्तकात ‘खाहम रफ्त’, घरात ‘मीरम’

मी फारसी शिकायला लागले ती मराठेशाहीतली फारसी कागदपत्रं वाचता यावीत म्हणून. व्याकरणात भविष्यकाळ असा होता: ‘खाहम रफ्त’, मी जाईन. तो पाठ केला. मग पुण्यात शिकणाऱ्या एका इराणी मैत्रिणीला ‘फर्दा खाहम आमद’, उद्या येईन, म्हटलं. ती म्हणाली, “असं बातम्यांत बोलतात. तू नुसतं ‘फर्दा मियाम’ म्हण.”

‘मियाम’ म्हणजे ‘येते’, तसंच ‘मीरम’ म्हणजे ‘जाते’. साधा वर्तमानकाळ. आपणही ‘उद्या येते’ म्हणतोच की! कधी, ते ‘फर्दा’ (उद्या) किंवा ‘हफ्तेये बाद’ (पुढच्या आठवड्यात) हे शब्द सांगतात. आपला ‘हप्ता’ याच ‘हफ्ते’मधून आलाय, पण त्यांच्याकडे तो आठवडाच. ‘खाहम’वालं रूप वाचताना ओळखता आलं की पुरे, बोलण्यासाठी घोकू नका.

बेत सांगायचा असेल तर ‘मीखाम बेरम’: मला जायचंय. आपल्या ‘जायचंय’सारखंच यात इच्छाही येते आणि बेतही. माझी चूक इथे फार दिवस टिकली. हिंदीतल्या ‘जाना चाहती हूँ’च्या सवयीने मी ‘मीखाम रफ्तन’ म्हणायचे. तसं चालत नाही, दोन्ही क्रियापदं माणसाप्रमाणे बदलतात: मीखाम बेरम, मीखाय बेरी, मीखाद बेरे. आभाळ भरून आलं की ‘मीखाद बारून बियाद’ म्हणतात, म्हणजे पाऊस येणार असं दिसतंय. हे वाक्य मला अजून फार आवडतं.

‘करारे’ मात्र आपल्या घरातलाच शब्द. करार म्हणजे ठरलेली गोष्ट, ‘करारे’ म्हणजे ‘ठरलंय’. (तेहरानी उच्चारात हा ‘क’ घशातून, ‘घ’च्या जवळचा येतो.) मार्चमध्ये नौरोज, म्हणजे इराणी नववर्ष, जवळ आला की ‘ईद कोजा मीरीन?’, सुट्टीत कुठे जाताय, हा प्रश्न ऐकू येतो. इथली ईद म्हणजे नौरोजच. उत्तर पुष्कळदा ‘करारे बेरीम शोमाल’. शोमाल म्हणजे उत्तर दिशा, म्हणजेच कास्पियन समुद्राचा किनारा. ‘करारे’ बदलत नाही, पुढचं क्रियापद तेवढं बदलतं. बेत दुसऱ्यांबरोबर ठरलेला असेल तर ‘मीखाम’पेक्षा हेच वापरा.

आणि दारावरची बेल वाजली की? ‘ऊमदम!’ चक्क भूतकाळ. आपलं ‘आले, आले!’ अगदी तसंच.

शब्दांपेक्षा अवघड आहे ते त्यामागचं मन ओळखणं. ‘ये रूज बियाइन खूनेये मा’, एक दिवस या आमच्याकडे, हे आपल्या ‘या एकदा घरी’सारखं आहे, ते मनापासूनही असतं आणि केवळ रीत म्हणूनही. लगेच होकार देऊ नका, ‘इन्शाल्ला’ म्हणा आणि थांबा. समोरच्याने पुन्हा विचारलं, तर दिवस विचारायला हरकत नाही. मैत्रिणीने तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मी विचारलं, “चे रूजी?” कोणत्या दिवशी?

“येकशंबे, नाहार.” रविवारी, जेवायला.