नॉर्दर्न बीसीत कम्युनिटी प्लॅनिंगचा रिसर्च: येण्याआधी हे वाचा

आपल्याकडून प्लॅनिंगच्या, म्हणजे शहर-गाव नियोजनाच्या, मास्टर्सला कॅनडात येणारी बहुतेक मुलं टोरंटो नाहीतर व्हँकुव्हरच बघतात, मी आले प्रिन्स जॉर्जला, म्हणजे ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तरेकडे, पाऊण लाख वस्तीचं शहर. इकडे यायचा विचार असेल तर दोन-चार गोष्टी आधीच सांगते.

रिसर्चचा प्रश्न घरून पक्का करून आणू नका. इथल्या फर्स्ट नेशन्सचे, म्हणजे मूळ रहिवासी समाजांचे, बाहेरच्या लोकांनी वर्षानुवर्षं सर्व्हे केले, माहिती घेऊन गेले आणि गावाला परत काहीच मिळालं नाही, तो राग अजून आहे आणि तो रास्त आहे. म्हणून १९९८ पासून त्यांची ओकॅप नावाची तत्त्वं आहेत: माहिती कोणाच्या मालकीची, कंट्रोल कोणाचा, ती कोण बघणार आणि कोणाकडे राहणार, हे सगळं तो समाज ठरवतो. युनिव्हर्सिटीचं एथिक्स अप्रूव्हल लागतंच, पण त्याआधी बँड ऑफिसला, म्हणजे त्या फर्स्ट नेशनच्या स्थानिक कारभाराच्या ऑफिसला, जाऊन बसा, त्यांना काय हवंय ते ऐका, यात महिने जातात आणि ते थीसिसच्या टाइमटेबलमध्ये धरूनच चला.

हायवे १६ चं प्रकरण तर प्रत्येकाने नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं. प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रूपर्ट, सातशे किलोमीटरच्या वर रस्ता, अनेक इंडिजिनस (मूळ रहिवासी) बायका-मुली त्यावर बेपत्ता झाल्या, मारल्या गेल्या, लोक त्याला हायवे ऑफ टिअर्स म्हणतात. तेव्हा गाडी नाही, सोयीची बस नाही, मग दवाखान्यात जायलाही लिफ्ट मागावी लागायची. २००६ मध्ये प्रिन्स जॉर्जला परिषद झाली, त्यातून ३३ शिफारशी आल्या, त्यात गावागावांना जोडणारी शटल बस होती. बस टप्प्याटप्प्याने सुरू झाली २०१७ मध्ये! अकरा वर्षं! लोकांनी उत्तर कधीच दिलं होतं, पैसे कोण देणार आणि गाडी कोण चालवणार यावर घोडं अडलं होतं. म्हणून तुमच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक शिफारशीपुढे हे दोन्ही लिहाच, नुसतं ‘वाहतूक सुधारावी’ लिहून कोणाचं भलं होत नाही.

मीटिंगच्या बजेटमध्ये जेवण, मुलं सांभाळायला कोणीतरी, येण्याजाण्याचा खर्च आणि एल्डर्सचं, म्हणजे समाजातल्या मानाच्या वडीलधाऱ्यांचं, मानधन आधीच टाका. शिकारीच्या किंवा सामन माशांच्या सीझनमध्ये तारखा देऊ नका आणि गावात कोणी वारलं तर मीटिंग पुढे जाणार, तेव्हा फोन करून घाई करायची नाही.

आणि चालण्याचा, व्हीलचेअरचा अभ्यास असेल तर तो हिवाळ्यातच करा. जुलैत जो फुटपाथ मस्त दिसतो त्याच्या कोपऱ्यावर जानेवारीत बर्फ काढणाऱ्या गाडीने ढीग लावलेला असतो आणि व्हीलचेअरवाला माणूस सरळ गाड्यांच्या रस्त्यावर येतो, हे नकाशावर दिसत नाही, ज्याला रोज जायचंय त्याच्यासोबत जाऊनच कळतं. त्यांनाच फोटो काढू द्या, कुठले दाखवायचे तेही त्यांनाच ठरवू द्या, आणि ड्राफ्ट गाइडच्या आधी त्यांच्याकडे पाठवा.