एकट्या पडलेल्या ज्येष्ठांसाठी फोन-सोबत कशी सुरू करावी

फोन-सोबत म्हणजे कार्यकर्त्यांनी एकट्या पडलेल्या ज्येष्ठांना ठरल्या वेळी नियमित फोन करून गप्पा मारणं. पण आधी विचारा, मग ठरवा. घर भरलेलं असूनही एखाद्या आजींना फार एकटं वाटत असतं, आणि चार-चार दिवस कुणाशी न बोलणारे आजोबा मजेत असतात. त्यामुळे बाहेरून बघून अंदाज बांधू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेल्या एकटेपणाच्या मापनपट्टीचं तीन प्रश्नांचं छोटं रूप जगभर वापरलं जातं: सोबतीला कुणी नाही असं किती वेळा वाटतं? आपल्याला वगळलं जातंय असं? आपण इतरांपासून तुटलोय असं? ‘क्वचितच’ला 1, ‘कधीकधी’ला 2, ‘बऱ्याचदा’ला 3 गुण. बेरीज 6 किंवा त्याहून जास्त आली तर त्या व्यक्तीकडे लक्ष द्यायला हवं, असं साधारणपणे मानतात. प्रश्न घरच्यांसमोर विचारू नका. ‘छे, मला काय कमी आहे!’ हेच उत्तर मिळेल आणि ते खरं असेलच असं नाही.

पुढचा प्रश्न: भेटीगाठी नेमक्या कशामुळे थांबल्या? बहुतेकदा कारण अगदी साधं निघतं. ऐकू कमी येतं, पडायची धास्ती वाटते, लघवी आवरत नाही, संध्याकाळी नीट दिसत नाही. ही कारणं लोक स्वतःहून सांगत नाहीत, ‘आता कंटाळा येतो’ म्हणून विषय संपवतात. कान मळाने बंद झाले असतील तर डॉक्टर ते साफ करून देतात. अशा वेळी सोबतीच्या योजना आखण्याआधी कान तपासणं हाच उपाय.

कानाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच सगळ्यात जास्त माणसं तुटतात. वयोमानाने आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. ‘स’, ‘फ’, ‘त’ अशी व्यंजनं निसटतात, स्वर तेवढे पोहोचतात. म्हणून ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही तक्रार खरी असते. ओरडल्याने आवाज वाढतो, स्पष्टपणा वाढत नाही, शिवाय समोरच्याला आपण रागावलोय असं वाटतं. समोर, हाताच्या अंतरावर बसा. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या. खिडकीकडे पाठ करून बसलात तर ओठ दिसत नाहीत. टीव्ही बंद करा. वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगा. नवं श्रवणयंत्र पहिल्याच दिवशी गर्दीत लावलं की ते कायमचं खणात जातं. पहिले काही दिवस शांत खोलीत, रोज थोडा थोडा वेळ वाढवत वापरायचं.

आता फोन. 2021 साली ‘जामा सायकायट्री’ या मानसोपचाराच्या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. थोडंसं प्रशिक्षण घेतलेल्या तरुणांनी 4 आठवडे नियमित फोन केले. फोन आलेल्यांचा एकटेपणा आणि नैराश्याची लक्षणं, फोन न आलेल्यांच्या तुलनेत कमी झाली. त्यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे पहिल्या आठवड्यात फोन जवळजवळ रोज होते, आणि नंतर किती वेळा करायचे हे समोरच्याने ठरवलं. तुम्हीही असंच करा. पहिल्या आठवड्यात 5 फोन, प्रत्येकी 10 मिनिटं. मग विचारा, ‘आता कधी करू?’

एका कार्यकर्त्याकडे 3-4 पेक्षा जास्त नावं देऊ नका. माणूस तोच, वार तोच, वेळ तीच हवी. फोन झाला की वहीत दोन ओळी लिहा: गुडघ्याची तपासणी गुरुवारी, नातीची परीक्षा सुरू. पुढच्या वेळी ‘गुरुवारी डॉक्टर काय म्हणाले?’ असं विचारलं की बोलणं आपोआप सुरू होतं. ‘कसे आहात?’ला ‘बरा आहे’ यापलीकडे उत्तर येत नाही. सल्ले देण्याचा मोह आवरा. आणि त्यांना काहीतरी विचारा, जे तुम्हाला खरंच येत नाही: शिवण, रोपांची छाटणी, हिशेब. नुसती मदत घेत राहणं माणसाला जड जातं, त्याचाही कुणाला उपयोग झाला पाहिजे.

नियम सुरुवातीलाच ठरवा. पैशांचे व्यवहार नाहीत, बँकेची माहिती विचारायची नाही, हे कार्यकर्त्याला आणि ज्येष्ठांना दोघांनाही सांगा. त्यामुळे पुढे कुणी फसवायला फोन केला तर त्यांना ओळखता येतं. ठरल्या वेळी फोन उचलला नाही तर अर्ध्या तासाने पुन्हा, आणि तरीही नाही तर कुणाला कळवायचं, ते नाव आणि नंबर आधीच लिहून ठेवा.

अशी कामं बहुधा एकाच कारणाने मोडतात: उत्साहात सुरू होतात आणि न सांगता बंद पडतात. वाट बघणाऱ्याला मग आधीपेक्षा जास्त एकटं वाटतं. म्हणून प्रत्येक नावासाठी बदली माणूस ठेवा, आणि तो नवा आवाज आधी दोन-तीनदा तिघांच्या फोनवर ओळखीचा करून द्या.

फोनची सवय झाली की प्रत्यक्ष भेटीकडे वळा. 6 ते 8 जणांचा गट पुरे. दिवसाउजेडी, पायऱ्या नसलेली जागा, शौचालय जवळ, पाठ आणि हात टेकता येतील अशा खुर्च्या गोल मांडलेल्या. ‘गप्पांना या’ म्हटलं की संकोच होतो. हाताला काम असेल, तर बोलणं मधूनमधून निघतं आणि शांतताही अवघड वाटत नाही. पहिल्या वेळी कुणीतरी घरून सोबत घेऊन यावं. एकटं दारात उभं राहणं हीच सगळ्यात कठीण पायरी असते.

दोन आठवडे सतत उदासी, भूक-झोप उडालेली, किंवा ‘आता जगून काय करायचं’ असं बोलणं कानावर आलं, तर फोनवर भागवू नका. ‘आयुष्य संपवावं असं मनात येतं का?’ हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर फोन चालू ठेवा, दुसऱ्या फोनवरून जवळच्या माणसाला त्यांच्याकडे पाठवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.