अनुदानातून दप्तर खुले करताना: आधी सूची, मग स्कॅनिंग

ठाणे-नवी मुंबई परिसरात इतिहासाचे काम करणाऱ्याला कधी ना कधी एखाद्या ग्रंथालयाच्या, देवस्थानाच्या किंवा घराण्याच्या दप्तरासाठी, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहासाठी, अनुदानाचा अर्ज लिहावा लागतो, आणि अर्ज मंजूर झाला की हिशेब, माणसे व मुदती यांची जबाबदारीही बहुधा त्याच्याकडेच येते. ही जबाबदारी घेताना पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे की पैसा आधी सूचीवर खर्च होईल, स्कॅनिंगवर नंतर.

मी हे उशिरा शिकलो. एका प्रकल्पात रुमालांची (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांची) यादी न करताच आम्ही छायाचित्रण सुरू केले. हजारो प्रतिमा जमल्या, पण गावाच्या नावाने एकही कागद सापडेना. आपल्या घराण्याचा निवाडा पाहायला आलेल्या एका वृद्ध गृहस्थांना रिकाम्या हाताने परत जावे लागले, याची खंत मला आजही आहे.

सूचीत प्रत्येक कागदाचा क्रमांक, रुमालाचा क्रमांक, लिपी, विषय, व्यक्ती, गाव आणि कागदाची अवस्था यावी. तारीख मुळात लिहिली असेल तशी नोंदवून शेजारी इसवी सन द्यावा. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर सन (मराठी दप्तरांत अरबी संख्याशब्दांनी लिहिली जाणारी जुनी कालगणना) ११७१, अर्थात इ. स. १७७०-७१, हे रूपांतर सूचीत नसेल तर मोडी न जाणणाऱ्या वाचकाला तो कागद असून नसल्यासारखा आहे. गावांच्या नावांबाबत अधिक दक्षता लागते, कारण साष्टीवर (ठाणे-मुंबईकडील जुन्या बेटावर) १७३७ पर्यंत पोर्तुगीज, त्यानंतर मराठे आणि १७७४ च्या अखेरीपासून इंग्रज अशा तीन राजवटी आल्या, आणि एकच गाव तिन्ही दप्तरांत वेगवेगळ्या रूपांत लिहिलेले आढळते. म्हणून मूळ रूप आणि आजचे प्रमाण नाव हे दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत. हे काम जाणत्या मोडी वाचकाचे आहे. अंदाजपत्रकात काटछाट करावी लागलीच, तर ती त्याच्या मानधनात करू नये.

साठवणुकीचा खर्च अर्जात बहुतेकदा कमी धरला जातो. ४०० डीपीआयने (दर इंचाला ४०० ठिपके) रंगीत स्कॅन केलेले ए-४ आकाराचे एक पान असंपीडित टिफमध्ये (आकार न दाबलेल्या प्रतिमा-फाइलमध्ये) सुमारे ४६ एमबी जागा घेते. दहा हजार पानांना जवळपास ४६० जीबी लागतात, आणि तीन प्रती तीन ठिकाणी ठेवायच्या तर ही जागा तिप्पट होते.

वेळापत्रक आपल्या हवामानाप्रमाणे आखावे. जून ते सप्टेंबर या काळातील दमट हवेत जीर्ण कागद उलगडण्याचे टाळून ते महिने सूचीची तपासणी आणि लिप्यंतर यांना द्यावेत, तर स्कॅनिंग ऑक्टोबर ते मे या काळात उरकावे.

केंद्र सरकारचे अनुदान असेल तर सामान्य वित्तीय नियम, २०१७ लागू होतात: उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) १२-अ नमुन्यात द्यावे लागते आणि अनुदानावर मिळालेले व्याज सरकारजमा करावे लागते, म्हणून या रकमेचे बँक खाते वेगळे असावे. परदेशी निधीचा मार्ग अधिक कडक आहे. ब्रिटिश लायब्ररीचा ‘एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम’ मूळ कागद मायदेशीच ठेवून डिजिटल प्रतींसाठी अनुदान देतो, परंतु असा पैसा घेणाऱ्या भारतीय संस्थेकडे परकीय योगदान नियमन कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावा लागतो, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही आणि ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. त्यामुळे नोंदणी नसलेल्या छोट्या ग्रंथालयाला यातला हिस्सा देण्याचे आश्वासन कधीही देऊ नये.

नवी मुंबईतील आगरी-कोळी कुटुंबांच्या पेट्यांत १९७० च्या दशकातील भूसंपादनाच्या नोटिसा आणि जुने सातबारे जपलेले असतात. ते मागताना कागद किती दिवसांत परत मिळतील आणि कोणती पाने लोकांसमोर येतील, याचे मराठीतील संमतिपत्र घरातील वडीलधाऱ्यांसमोर वाचून दाखवावे. जमिनीचा वाद अजून चालू असेल तर ती पाने सूचीत नोंदवावीत, मात्र त्यांच्या प्रतिमा कुटुंबाच्या लेखी परवानगीशिवाय खुल्या करू नयेत. काम संपल्यावर प्रतिमांचा एक संच आणि सूचीची छापील प्रत त्या कुटुंबाला द्यावी; या दोन्हींचा खर्च मूळ अर्जातच मागून ठेवावा.