उपयोजित तत्त्वज्ञानात एम. ए. करू इच्छिणाऱ्या नाशिककरांसाठी

उपयोजित तत्त्वज्ञानाच्या, म्हणजे प्रत्यक्ष जीवनातल्या प्रश्नांना तत्त्वज्ञान लावून पाहण्याच्या, पदव्युत्तर अभ्यासाकडे वळणाऱ्याने विद्यापीठांची यादी करण्याआधी स्वतःचा प्रश्न निश्चित करावा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पदवी 'तत्त्वज्ञान' या नावानेच मिळते आणि उपयोजनाचा भाग ऐच्छिक विषयांतून व प्रबंधिकेतून, म्हणजे एका विषयावरच्या छोट्या संशोधनलेखनातून, उभा राहतो. त्यामुळे प्रश्न हाताशी नसेल तर दोन वर्षे नुसती विचारवंतांची मते पाठ करण्यात जातात.

नाशिकमध्ये असा प्रश्न शोधायला दूर जावे लागत नाही. १५ ऑक्टोबरपर्यंत मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपर्यंत पोहोचला नाही, तर नाशिक-नगरकडच्या वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असे महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये ठरवून दिले. किती पाणी सोडायचे, हे अभियंता सांगेल. पण ते कोणत्या न्यायाने सोडायचे, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. सर्वांत दुर्बल घटकाचे हित आधी पाहावे, हे अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांचे तत्त्व येथे लावून पाहा. दुर्बल कोण ठरतो: मराठवाड्यातले तहानलेले गाव, की बाग वाळली तर रोजगार गमावणारा निफाडचा भूमिहीन मजूर? तत्त्व जिथे अडते, तिथेच प्रबंधिकेचा विषय सापडतो. म्हणून अर्जासोबतच्या निवेदनात 'मला पाणीप्रश्नात रस आहे' असे मोघम लिहू नये. 'वर्षानुवर्षांच्या वापरातून पाण्यावर नैतिक हक्क निर्माण होतो का?' असे नेमके लिहावे.

पुणे आणि मुंबई विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचे विभाग आहेत, तर नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी इग्नूचा दूरस्थ एम. ए. अभ्यासक्रम आहे. अभ्यासक्रम वाचताना प्रबंधिकेची सोय आवर्जून पाहावी. तर्कशास्त्र आणि जर्मन तत्त्वज्ञ कांट कंटाळवाणे वाटले तरी टाळू नयेत, कारण युक्तिवादातली फट ओळखण्याची सवय तिथेच लागते. इंग्रजी वाचन मात्र आधीपासूनच वाढवावे लागेल.

महाविद्यालयात अध्यापनासाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. वैद्यकीय संशोधनाच्या नैतिकता समित्यांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या समित्यांवर समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ किंवा नीतिशास्त्राचा जाणकार यांसाठी जागा असते. रुग्णाने दिलेली संमती खरोखर समजून दिलेली आहे का, हे तिथे तपासावे लागते, आणि हे काम मला फार मोलाचे वाटते. तिकडे कल असेल, तर प्रबंधिकेचा विषय वैद्यकीय नीतिशास्त्रातला घ्यावा आणि त्या विषयाचे मार्गदर्शक विभागात आहेत का, हे प्रवेशाआधीच विचारून घ्यावे.