परतीचा पाऊस, दव आणि थंडी: कोल्हापुरात हवामानाचा अंदाज शेताला कसा लावायचा

टीव्हीवर 'मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस' असं सांगतात. हवामान खात्याच्या हिशेबात मध्य महाराष्ट्र म्हणजे नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंतचे दहा जिल्हे. तेवढ्या वाक्यावर सोयाबीनला विळा लावायचा की नाही हे कुणालाच ठरवता येणार नाही. आपल्या जिल्ह्यातच केवढी तफावत आहे बघा. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, शिरोळला पाचशेच्या आसपास. म्हणून अंदाज नुसता ऐकून चालत नाही, तो आपल्या शिवाराला लावावा लागतो.

आधी भाषा समजून घ्या. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या शंभर ठिकाणांपैकी पंचवीसपर्यंत ठिकाणी पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे सव्वीस ते पन्नास, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे एक्कावन्न ते पंचाहत्तर आणि त्याच्या वर 'बहुतांश ठिकाणी'. पाऊस किती पडेल याच्याशी या शब्दांचा संबंध नाही. किती ते वेगळं सांगितलेलं असतं: 15.5 मिमीपर्यंत हलका, 64.4 पर्यंत मध्यम, 64.5 पासून जोरदार आणि 115.6 पासून अति जोरदार. बरेच जण 'तुरळक' म्हणजे चार थेंब असं समजून काढणी धरतात आणि फसतात. तुरळक ठिकाणचा पाऊस तुमच्याच रानावर पडला तर अर्ध्या तासात चाळीस मिमीही ओतून जातो. आणखी एक, इशारा 'कोल्हापूर' असा आहे की 'कोल्हापूर घाट' असा, हे नक्की वाचा. घाटाचा इशारा राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीच्या पश्चिम अंगाला असतो. तो बघून हातकणंगलेत काम थांबवायचं कारण नाही.

जून-जुलैची सवय ऑक्टोबरमध्ये उपयोगाची नाही. पावसाळ्यात ढग पश्चिमेकडून, कोकणातून घाट चढून येतो आणि दिवसभर झिमझिम लावतो. परतीच्या दिवसांत हवा फिरते. सकाळी लख्ख ऊन, दुपारी उकाडा, दोन-अडीचनंतर ढगांचे डोंगर चढायला लागतात आणि तीन ते सात या वेळात गडगडाट करून पाऊस कोसळतो. असा एक ढग दहा-वीस किलोमीटरपेक्षा मोठा नसतो, म्हणून कागलला रान चिंब आणि मुरगूडला धूळ असं होतं. ढग बहुधा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून सरकतो. त्यामुळे दुपारी पश्चिमेला आकाश मोकळं दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका, पाठीमागे वळून गडहिंग्लज-निपाणीच्या अंगाला बघा.

राजस्थानातून मॉन्सून परत फिरण्याची सरासरी तारीख 17 सप्टेंबर आहे. आपल्याकडून तो साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जातो, म्हणजे हस्त संपून चित्रा नक्षत्र लागतं तेव्हा. तरीही 'मॉन्सून परतला' या बातमीनंतर पाऊस येतोच. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन तेलंगण, उत्तर कर्नाटकाच्या दिशेनं सरकला की आपल्याकडे दोन-तीन दिवस दुपारचा पाऊस लागतो. अरबी समुद्रात तो तयार झाला तर प्रकरण जास्त वाईट. तेव्हा ऊन नावाला मिळत नाही, सलग ढगाळ, दमट हवा राहते आणि कापून टाकलेलं पीक वाळायचं सोडून कुजतं. बातमीत कमी दाबाचा उल्लेख आला की तो कोणत्या समुद्रातला हे आधी बघा.

रोजचा क्रम असा ठेवा. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला येतो, 'मेघदूत' अॅपवर तो जिल्ह्याप्रमाणे मिळतो. त्यातला पाच दिवसांचा तक्ता पाहून आठवड्याची मजुरं ठरवा. रोज सकाळी 'मौसम' अॅपवर जिल्ह्याचा रंग बघा: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. दुपारी दोननंतर मात्र अंदाज बाजूला ठेवून रडारचं चित्र आणि आकाश बघा, कारण तासाभरात चढणारा ढग सकाळच्या अंदाजात नेमका दिसत नाही. विजेसाठी 'दामिनी' अॅप ठेवा. फोन जवळ नसेल तर वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, काम सोडून पक्क्या घरात जा. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास होईपर्यंत रानात परतायचं नाही. झाडाखाली थांबणं सगळ्यात घातक.

आपल्या रानात पडलेला पाऊस मोजणंही तितकंच गरजेचं. तळापासून तोंडापर्यंत सारखाच व्यास असलेलं, सरळ काठाचं भांडं उघड्यावर ठेवा. जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडा. रोज सकाळी साडेआठला पट्टी उभी धरून पाण्याची उंची मोजा आणि वहीत लिहा. खात्याचा दिवसही साडेआठ ते साडेआठच असतो, त्यामुळे आकडे ताडून बघता येतात. दहा मिलिमीटर म्हणजे गुंठ्याला सुमारे हजार लिटर पाणी. उसाचं पुढचं पाणी किती दिवस लांबवायचं हे या वहीवरून ठरवता येतं.

सोयाबीनची काढणी

अंदाजाचा खरा कस इथे लागतो. पानं गळून शेंगा नव्वद-पंचाण्णव टक्के तपकिरी झाल्या की पीक तयार. त्यानंतर उभं ठेवलं तर शेंगा तडकतात आणि पावसात सापडलं तर दाणा शेंगेतच मोड धरतो. घाईनं कापून रानात पसरलं आणि वर पाऊस आला तर त्याहून जास्त नुकसान होतं, कारण शेंगा मातीला टेकलेल्या असतात. आमचं मत स्पष्ट आहे: सलग तीन दिवस उघडीप दिसत नसेल तर दोन दिवस उभं राहू द्या, आडवं पाडू नका.

कापणी सकाळी करा. दवानं शेंगा मऊ असतात, हाताळताना कमी फुटतात. मळणी उलट, अकरानंतर, दव पूर्ण उडाल्यावर. तीन वाजेपर्यंत जेवढी मळून होईल तेवढीच मळणी धरा. ढीग घालायची वेळ आली तर रानातल्या उंचवट्यावर घाला. खाली उसाच्या पाचटाचा जाड थर द्या, भोवती वीतभर खोल चर काढा आणि माथा निमुळता ठेवा म्हणजे पाणी घरंगळून जातं. ताडपत्री पावसापुरतीच. ओला ढीग दिवसभर झाकून ठेवला तर आत वाफ धरते. कोपरापर्यंत हात ढिगात घालून बघा: आत गरम लागलं आणि कुबट वास आला तर लगेच पसरा, नाहीतर दाणा काळा पडून बाजारात दर तुटतो.

बियाण्यासाठी मळत असाल तर ओलावा 14 टक्के असताना मळणी यंत्राच्या ड्रमचे फेरे मिनिटाला 400 ते 500 ठेवा, 13 टक्के असेल तर 300 ते 400. जास्त वेगात दाण्याचं टरफल तडकतं आणि उगवण मार खाते. साठवताना ओलावा 10 ते 12 टक्के हवा. मोजायचं यंत्र नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत एक तृतीयांश दाणे घाला, दोन-तीन चमचे कोरडं मीठ टाका, बाटली नीट हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा पंधरा टक्क्यांच्या वर आहे, अजून ऊन द्या. मीठ खाली पडलं म्हणजे लगेच पोती भरायची असं नाही. दाणा दाताखाली कट्कन तुटेपर्यंत वाळवा. शेंगांचं म्हणजे भुईमुगाचं ओलेपणाशी याहून वाकडं आहे. ओल्या शेंगांत विषारी बुरशी वाढते, त्यामुळे ओलावा आठ टक्क्यांपर्यंत आणूनच पोती भरा.

गुऱ्हाळवाल्यांनी पावसापेक्षा चिपाडाची, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्याची, काळजी जास्त घ्यावी. फडावर वाळत घातलेलं चिपाड एकदा भिजलं की चुलवाणात धग धरत नाही, रस उकळायला वेळ लागतो आणि गुळाला काळपट रंग येतो. दोन आधणांपुरतं, म्हणजे दोन वेळा रस कढवण्यापुरतं तरी कोरडं जळण छपराखाली ठेवल्याशिवाय काहील (रसाची मोठी कढई) चढवू नका.

पेरणी आणि वाफसा

पाऊस थांबला म्हणजे वाफसा (पेरणीजोगी ओल) आला असं नव्हे. वीतभर खोलवरची माती घेऊन मुठीत दाबा आणि गोळा कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून विखुरला तर पेरा, चपटा झाला तर थांबा. काळ्या रानात चांगल्या पावसानंतर चार-पाच दिवस लागतात, पश्चिमेकडच्या तांबड्या रानात त्याच्या निम्मे. शाळू (रब्बी ज्वारी) 15 ऑक्टोबरच्या आत पडावा, उशिराच्या पेऱ्याला खोडमाशी जास्त लागते. बागायती हरभरा 20 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर, गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. पूर्वहंगामी उसाची लागण 15 नोव्हेंबरच्या पुढे गेली तर कांडी लावण्याऐवजी ट्रेमधली रोपं लावा, कारण तापमान वीस अंशांच्या खाली गेलं की डोळे फुटायला फार वेळ घेतात.

दव, धुकं आणि थंडी

कोल्हापुरात पीक जाळणारं हिमदव सहसा पडत नाही. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचे फोटो डिसेंबर-जानेवारीत येतात. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटरवर आहे, महाबळेश्वर तेराशेच्या वर. तरीही शहराच्या आकड्यावर विसंबू नका. तापमान जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, सावलीतल्या पेटीत मोजतात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगत त्याहून तीन-चार अंश कमी असतात. थंड हवा जड, ती पाण्यासारखी उतारानं खाली येते. म्हणून पंचगंगा, वारणेकाठच्या मळीत आणि खोलगट वावरात माळापेक्षा थंडी जास्त. आकाशात ढग असले की रात्र उबदार जाते.

आपल्याकडचं खरं नुकसान धुकं आणि दव करतं. पानं सकाळी दहापर्यंत ओली राहायला लागली की टोमॅटो-बटाट्यावर करपा, काकडी-दोडक्यावर केवडा हे बुरशीचे रोग येतात. सलग दोन दिवस धुकं पडलं तर डाग दिसायची वाट बघू नका. मॅन्कोझेब दहा लिटर पाण्याला 25 ग्रॅम घेऊन पानांच्या खालच्या बाजूनंही फवारा, तेही दव उडाल्यावर. तुषार सिंचन संध्याकाळी लावू नका, पानं रात्रभर ओली राहतात.

पारा दहाच्या आसपास येण्याचा अंदाज असेल तर भाजीच्या तरव्याला (रोपांच्या वाफ्याला) आणि केळीच्या कोवळ्या बागेला संध्याकाळी पाटानं हलकं पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. तरव्यावर काठ्यांचा मांडव करून साड्या किंवा शेडनेट टाका, कापड पानांना टेकू देऊ नका. प्लॅस्टिक वापरलं तर सूर्य वर आल्यावर लगेच काढा. आत कोंडलेल्या उष्णतेनं रोपं तासाभरात माना टाकतात.