नवी रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर कॉम्प्युटर बंद पडतो? या चुका टाळा

जुन्या कॉम्प्युटरमध्ये ८ जीबीची आणखी एक रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड बसवले, तो सुरूही झाला आणि थोड्या वेळाने निळी स्क्रीन येऊन आपोआप रीस्टार्ट झाला, की अनेक जण लगेच विंडोज नव्याने टाकायला घेतात. सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच आहे. आदल्या दिवसापर्यंत व्यवस्थित चालणारी विंडोज नेमकी नवा भाग बसवतानाच बिघडावी, असे क्वचितच घडते. शिवाय रॅम सदोष असेल, तर नव्याने टाकलेल्या विंडोजच्या फायलीही डिस्कवर उतरतानाच खराब होऊ शकतात आणि मग मूळ दोष शोधणे आणखी अवघड होते.

त्याऐवजी कॉम्प्युटर बंद करून प्लग काढावा, नवा भाग बाहेर काढावा आणि पूर्वीच्याच स्थितीत तेच काम करून पाहावे. त्रास थांबला, तर दोष नव्या भागात, तो बसवण्याच्या पद्धतीत किंवा त्याने वाढवलेल्या विजेच्या भारात आहे. त्रास थांबला नाही, तर कॅबिनेटमध्ये हात घालताना एखादी केबल सैल झाली आहे का, हे आधी पाहावे. रॅम, ड्रायव्हर (विंडोजला तो भाग चालवायला शिकवणारे सॉफ्टवेअर) आणि बायोस (मदरबोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर) असे तिन्ही बदल एकाच बैठकीत केले, तर कशामुळे बिघडले हे कळत नाही आणि कशामुळे सुधारले हेही कळत नाही.

रॅमच्या बाबतीत बहुतेक चुका बसवतानाच होतात. स्टिक स्लॉटमध्ये गेलेली दिसते, पण एका टोकाला केसभर वर राहिलेली असते. काही मदरबोर्डांवर खटका एकाच बाजूला असल्याने दुसरे टोक पूर्ण दाबले गेले आहे की नाही, हे आवाजावरून समजत नाही. चार स्लॉट असतील आणि दोनच स्टिक लावायच्या असतील, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. मॅन्युअलमध्ये हे छापलेले असते. संपर्काच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, परंतु त्याचा चुरा स्लॉटमध्ये अडकतो, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पट्ट्या हलक्या हाताने पुसून पूर्ण वाळू देणे मला अधिक योग्य वाटते.

दुसरी चूक वेगाची. खोक्यावर ३२०० किंवा ३६०० असा जो आकडा छापलेला असतो, तो अनेकदा एक्सएमपी नावाची सेटिंग बायोसमध्ये सुरू केल्यावरच मिळतो. जुनी आणि नवी स्टिक वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतील, तर दोन्ही मिळून त्या वेगाला टिकतीलच असे नाही. आधी एक्सएमपी बंद करून पाहावे. नंतर एका वेळी एकच स्टिक एकाच स्लॉटमध्ये ठेवून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवावे. त्यात एक जरी एरर आली, तरी ती दुर्लक्ष करण्याजोगी नसते. डीडीआर५ रॅम लावल्यावर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटे काळीच राहू शकते, कारण मदरबोर्ड तेव्हा रॅमशी जुळवून घेत असतो. त्या वेळी घाईने पॉवर बटण दाबून धरू नये.

डेस्कटॉपवर सगळे ठीक आणि गेम सुरू केला की कॉम्प्युटर पटकन बंद, असे होत असेल तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर घ्यावा. ग्राफिक्स कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनच्या जोडणीतून १५०. कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलेले असले, तरी लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर दिले आहेत ते वाचावे. तिथे २० अँपिअर असतील, तर त्या लाइनवर २४० वॅटच उपलब्ध आहेत आणि २०० वॅटचे कार्ड व प्रोसेसर मिळून ती मर्यादा सहज ओलांडतात. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएसही साधारण ३६० वॅटच पेलतो. लाइट गेल्याच्या क्षणी नवे कार्ड लावलेला कॉम्प्युटर बंद पडत असेल, तर हेच कारण असू शकते. एक गोष्ट मात्र कधीही करू नये: एका मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल दुसऱ्याला लावू नयेत. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकते आणि चुकीच्या केबलने हार्ड डिस्क जळू शकते.

निळ्या स्क्रीनवरचा संदेश वाचण्याआधीच ती निघून जात असेल, तर सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरी या भागात आपोआप रीस्टार्ट होण्याची खूण काढून टाकावी. ‘मेमरी मॅनेजमेंट’ आले तर आधी रॅम तपासावी, ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ आले तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर आणि कार्ड. विंडोजमधील घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधील कर्नल पॉवर ४१ ही नोंद पाहून नवा एसएमपीएस आणायला धावणारे अनेक जण असतात. परंतु कॉम्प्युटर नीट शट डाउन न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच ती सांगते.

एका कंपनीचे कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचे लावले असेल, तर जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरसह सुरू करून) पूर्ण काढून मग नवा टाकावा. बायोस अपडेट कधी कधी खरोखरच लागतो, पण कॉम्प्युटर अस्थिर असताना तो करू नये, कारण मध्येच बंद पडल्यास मदरबोर्ड निकामी होण्याची भीती असते. नवा भाग काढून, बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवून, मगच अपडेट करावा.

एवढे करूनही एकटी नवी स्टिक वेगवेगळ्या स्लॉटमध्ये एरर देत असेल, तर ती वॉरंटीत बदलून घ्यावी. दुकानात जाताना मेमटेस्टच्या स्क्रीनचा फोटो, बिल आणि खोके सोबत न्यावे आणि स्टिकवरचा स्टिकर काढू नये.