बाळाचा बारीक ताप रेंगाळतोय? या चुका टाळा

१०३ ताप चढला की घरात कुणी वाद घालत नाही, थेट गाडी काढतात. घोळ होतो तो बारीक तापात. दीड-दोन वर्षांचं लेकरू, अंग कोमट, थर्मामीटरवर कधी ९९.८, कधी १००.६. सकाळी घरभर पळतंय, दिवेलागणीला पुन्हा अंगात कसर. पावसाळ्यात कोल्हापुरातल्या बालरोगतज्ज्ञांच्या बाकांवर अशीच मुलं बसलेली असतात. काहींना ताप येऊन जेमतेम दोन तास झालेले असतात, काहींना सहा दिवस. दोन्हीकडे चूक एकच झालेली असते. सगळ्यांचं लक्ष आकड्यावर राहतं आणि मूल कसं आहे, दिवस किती झाले, हे कुणी बघत नाही.

हात लावून ताप ठरवणे

भांडी घासून आलेला गार हात कुठल्याही कपाळाला लावला तर ते तापलेलंच लागणार. स्वेटर, कानटोपी आणि वर गोधडी अशा थाटातलं मूलही गरम लागतं, कारण ते खरंच उकडून निघालेलं असतं. आधी जादा कपडे काढा, १५-२० मिनिटं थांबा, मग साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. काखेतला घाम पुसा, टोक काखेच्या खोलगट भागात येऊ द्या, दंड छातीशी धरून मुलाला कुशीत घ्या आणि बीप होईपर्यंत हलू नका. काखेत ९९.५ च्या वर गेला तर ताप समजा. काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा अर्धा ते एक अंशाने कमी येतो, पण वर आणखी एक अंश मिळवून डॉक्टरांना सांगू नका. जे दिसलं ते आणि कुठं लावलं ते सांगा, पुरे.

रंकाळ्यावरून गाडीवर वारा खात आलेल्या मुलाच्या कपाळावर बंदुकीसारखा थर्मामीटर रोखून काही कळत नाही. घाम, वारा, ऊन, सगळ्यांनी तो फसतो.

दिवस न मोजणे

“कधीपासून ताप आहे?” या प्रश्नाला आई म्हणते दोन दिवस, आजी म्हणते रविवारपासून, आणि बाबा मोबाइलमध्ये बघतात. उपचाराची दिशा याच उत्तरावर ठरते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्या तारखेच्या चौकोनातच पेनाने लिहा: वेळ, आकडा, दिलेलं औषध किती मिली, शू किती वेळा. चौथ्या दिवशी डॉक्टरांना त्या पानाचा फोटो दाखवला की निम्मी तपासणी झालेली असते.

मोजायचं कसं, तर असं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप म्हणजे लगेच दवाखाना, तिथं थांबणं नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाचा ताप २४ तास उलटूनही आहेच, तर दाखवा. दोन वर्षांवरचं मूल खेळतंय, पितंय, शू करतंय, तर ७२ तासांपर्यंत घरी बघायला हरकत नाही, त्यापुढे नाही. ताप जाऊन पूर्ण दिवस गेला आणि परत आला, तर पहिल्या दिवसापासून मोजत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. सर्दी-खोकल्यानंतर असा परतलेला ताप पुष्कळदा कानात किंवा छातीत उतरलेला असतो.

पाच दिवस झाले तर मूल कितीही हसरं असो, थांबायचं नाही. डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेले, जीभ लालभडक, हातापायाला सूज, अंगावर पुरळ, असं काही सोबत असेल तर कावासाकी आजाराचा विचार करावा लागतो. १९६७ मध्ये जपानच्या डॉ. तोमिसाकू कावासाकींनी तो प्रथम मांडला. हृदयाच्या रक्तवाहिन्या वाचवायच्या तर त्याचं इंजेक्शन तापाच्या पहिल्या दहा दिवसांत पडावं लागतं. एरवी हा ताप चांगला जोराचा असतो, पण दर सहा तासांनी घड्याळ लावून पॅरासिटामॉल पाजलेल्या मुलात तो बारीक वाटू शकतो.

आणि दोन आठवडे रोज संध्याकाळी कसर, वजन वाढत नाही, घरात कुणी मोठं माणूस खोकतंय, तर क्षयाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे.

“तेच औषध” आणणे

सगळ्यात जास्त चीड येते ती या चुकीची, कारण ही टाळायला फक्त बाटलीवरची एक ओळ वाचावी लागते.

मुलांसाठीचं पॅरासिटामॉल मेडिकलमध्ये तीन ताकदींत मिळतं. साध्या सिरपच्या ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलीग्रॅम. जादा ताकदीच्या सिरपच्या ५ मिलीत २५० मिलीग्रॅम. आणि थेंबांच्या छोट्या बाटलीत एका मिलीतच १०० मिलीग्रॅम. नाव तेच, रंग तोच, खोका सारखाच. अनेकांना वाटतं की छोटी बाटली छोट्या बाळाची, म्हणजे औषध हलकं. उलट तेच सगळ्यात कडक असतं. तान्ह्या बाळाला थोडक्यात पाजता यावं म्हणून ते दाट केलेलं असतं.

घोटाळा कसा होतो ते पाहा. १० किलोचं मूल. डॉक्टरांनी लिहून दिलं साधं सिरप, ६ मिली, म्हणजे १५० मिलीग्रॅम. रात्री बाटली सांडली. काकाला पिटाळलं, त्याने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नाव सांगून “तेच” आणलं. आली थेंबांची १५ मिलीची बाटली. आजीला आकडा पाठ, सहा मिली. तिने मोजून सहा मिली पाजले, म्हणजे ६०० मिलीग्रॅम, चौपट. सहा तासांनी परत सहा. तिसऱ्या वेळी बाटलीत उरलेले तीनच मिली पाजले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, एवढी लवकर कशी संपली? तोवर मुलाच्या पोटात दीड ग्रॅम पॅरासिटामॉल गेलेलं. १० किलोच्या मुलाला एवढं औषध यकृतावर बेतू शकतं. आजीचं मोजमाप काटेकोर होतं. खोक्यावरची ताकद मात्र कुणीच वाचली नव्हती, ना काकाने, ना दुकानदाराने.

असं झालं तर “मूल तर बरं दिसतंय” म्हणून घरी बसू नका. यकृताचा त्रास पहिल्या दिवशी दिसेलच असं नसतं, आणि त्यावरचं औषध पहिल्या आठ तासांत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं चालतं. बाटली हातात घ्या आणि सरळ हॉस्पिटल गाठा.

हिशोब किलोवर करायचा, वयावर नाही: एका वेळी किलोमागे १५ मिलीग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. १० किलोला ते होतं थेंब १.५ मिली, साधं सिरप ६ मिली, जादा ताकदीचं ३ मिली. तिन्ही आकडे मुलाच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा आणि वजन वाढलं की बदला. मापाला बाटलीसोबतचं टोपण किंवा सुईविना सिरिंज घ्या. पोह्याचा चमचा घेऊ नका, दोन घरांतले चमचे एका मापाचे नसतात. औषध दिल्यापासून अर्ध्या तासाच्या आत सगळं उलटून पडलं तर तेवढाच डोस एकदा परत देता येतो.

सर्दीच्या मिश्र सिरपमध्येही पुष्कळदा पॅरासिटामॉल असतं. तापाचं आणि सर्दीचं दोन्ही पाजलं की न कळत दुप्पट होतं. शिवाय क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं २०२३ पासून लेबलवर छापायला सांगितलेलं आहे. निमेसुलाइड हे तापाचं औषध तर १२ वर्षांखाली २०११ पासून बंद आहे. घरात जुनी बाटली असेल तर टाकून द्या. अ‍ॅस्पिरिन मुलांना नाहीच.

बाकी, ९९.८ दिसलं की औषध, ही घाई कशासाठी? औषध आकडा उतरवायला नसतं. मूल किरकिर करतंय, अंग दुखतंय, पीत नाही, तेव्हा द्या. झोपलेल्या लेकराला उठवून पाजू नका.

आणखी काही, थोडक्यात

दात येताना ताप येतोच, असं म्हणतात. लाळ येते, किरकिर होते, अंग थोडं कोमट होतं, पण १००.४ च्या वरचा ताप दाताचा नसतो.

मीठ-मोहरीने दृष्ट काढायची असेल तर काढा. फक्त दवाखान्याची वेळ त्यात घालवू नका.

कोलनवॉटरच्या पट्ट्या बंद करा, त्यातलं अल्कोहोल कोवळ्या कातडीतून आत जातं. बर्फही नको. पुसायचंच असेल तर कोमट पाण्याने.

उपाशी ठेवू नका. पेज, वरणभात, केळं, घरात मटण शिजलं असेल तर चमचाभर अळणी (मटणाचं बिनतिखटाचं पाणी), जे मागेल ते. ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटर पाण्यात पूर्ण ओता. अंदाजाने अर्धं पाकीट पेल्यात कालवलं तर ते फार खारट आणि घातक होतं.

दीड वर्षाच्या बूस्टरनंतर दोन दिवस अंग तापतं. तिसऱ्या दिवशीही ताप असेल तर तो लशीच्या नावावर टाकू नका. गोवराच्या लशीचा ताप मात्र पाच ते बारा दिवसांनी येऊ शकतो.

गुण येत नाही म्हणून दवाखाना बदलणे

शनिवारी एका डॉक्टरांकडे. रविवारी ताप आहेच. सोमवारी शेजारच्या वहिनींनी सांगितलेले दुसरे. “एक सुई मारा, म्हणजे उतरेल.” बुधवारी तिसरे. पाच दिवसांत तीन चिठ्ठ्या, तीन वेगवेगळी अँटिबायोटिक्स, एकही पूर्ण झालेलं नाही, आणि कुठल्याच डॉक्टरांना आधीच्याने काय पाहिलं ते माहीत नाही. साधा विषाणूचा ताप तीन-चार दिवस घेतोच. तो ज्या दिवशी आपोआप उतरायचा असतो, त्या दिवशी ज्यांच्याकडे गेलात त्यांचा हातगुण ठरतो. पहिल्या डॉक्टरांना मुळात वेळच मिळालेला नसतो.

त्याहून वाईट म्हणजे फ्रिजमधलं गेल्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक. पाणी घालून तयार केलेलं पावडरचं सिरप साधारण आठवडाभरच टिकतं, कितीही थंड ठेवा. आणि दोन डोस पाजून मग तपासणीला नेलं तर खरा आजार झाकला जातो. लघवीच्या जंतुसंसर्गाचं उदाहरण घ्या. मुलीला बारीक ताप, सर्दी नाही, खोकला नाही, शू करताना रडते किंवा शूला उग्र वास येतो. इथं लघवीचं कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी हवी, आणि ती अँटिबायोटिकच्या आधी. नमुना धुतलेल्या जागेवरून, मधल्या धारेचा, निर्जंतुक डबीत. डायपर पिळून काढलेल्या लघवीत बाहेरचेच जंतू वाढतात.

मनानेच लॅबमध्ये जाऊन दुसऱ्या दिवशी वायडल ही टायफॉइडची रक्ततपासणी करून आणणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. इतक्या लवकर ती तपासणी टायफॉइडबद्दल काही भरवशाचं सांगत नाही. संशय असेल तर रक्ताचं कल्चर, तेही औषधाआधी.

पहिल्याच भेटीत डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: ताप असाच राहिला तर परत कधी येऊ, आणि काय दिसलं तर त्याआधी येऊ? मग त्या तारखेपर्यंत त्यांच्याकडेच राहा.

ताप उतरला म्हणून निर्धास्त होणे

पाऊस उघडीप देतो, पिंपांत आणि कुंड्यांत पाणी साठलेलं असतं, आणि डेंग्यू सुरू होतो. त्यात धोक्याचा काळ ताप उतरताना येतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी. आकडा ९८ वर आला आणि मूल खेळायला लागलं, तर छान. पण आकडा उतरला आणि मूल मलूल झालं, पोट दुखतंय, सारख्या उलट्या, हातपाय गार, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, तर त्याच तासाला हॉस्पिटल. डेंग्यूच्या दिवसांत तापाचीच दुसरी औषधं, म्हणजे आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक अ‍ॅसिड मनाने देऊ नका, रक्तस्रावाची भीती वाढते. पपईच्या पानांचा रसही नको. कडूजार रसाने लहान मूल ओकतं, आणि पोटात टिकलेलं पाणीही जातं.

दिवस न मोजता निघायचं कधी

मूल शांत किंवा झोपलेलं असताना अंगरखा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना फासळ्या आत ओढल्या जात असतील, तर निघा. आठ तासांत शू नाही, पाणी तोंडाला लावत नाही, हाक मारली तर डोळे उघडून परत मिटतं, मान वाकवू देत नाही, काचेचा पेला पुरळावर दाबला तरी पुरळ फिकट होत नाही, यातलं एकही पुरे. ताप आणि सोबत एक पाय टेकवत नसेल, लंगडत असेल, तर पडलं असेल म्हणून सोडू नका, सांध्यात पू झालेला असू शकतो.

झटका आला तर कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात बोट, चमचा, पाणी काहीही घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८. थांबला तरी पहिलाच झटका असेल तर त्याच वेळी दाखवा.

रात्री-अपरात्री निघताना, सीपीआरला (कोल्हापुरातलं सरकारी रुग्णालय) जा किंवा जवळच्या हॉस्पिटलला, एका पिशवीत एवढं घ्या: दिलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या खोक्यासकट, लसीकरणाचं कार्ड, जुन्या चिठ्ठ्या, दोन डायपर, पाण्याची बाटली, आणि त्या कॅलेंडरचं पान फाडून.